मधुभाऊंचा कुलर

मधुभाऊ रोज सकाळी कम्प्युटरला उदबत्ती दाखवतात. कम्प्युटर अजून अर्धवट आहे, पण उदबत्तीत खंड नाही. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा आमची ही हळदकुंकू घेऊन कुंपणापलीकडे धावली. मधुभाऊ शांतपणे म्हणाले, "वहिनी, पूजा नाय ही. धूर बघतोय. पुढच्या पंख्यानं आत शिरला पाहिजे आणि मागच्यानं बाहेर. मध्ये कुठे रेंगाळला तर तिथं मशीन तापणार." ही तरीही कम्प्युटरच्या डब्याला कुंकू लावूनच परत आली. नेलेलं फुकट कशाला घालवायचं!

बोर्डीत आमची घरं शेजारीशेजारी. मी इथल्याच शाळेत मास्तर, मधुभाऊ चिकूच्या वाडीचे मालक. वय चौसष्ट. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली, घरात एकटेच असतात. अशा माणसानं गेमिंगचा कम्प्युटर स्वतःच्या हातानं जुळवायला घ्यावा, याचं गावाला फार नवल. मला नाही, कारण मला त्यामागचं माहीत आहे.

त्यांची लेक केतकी पुण्यात गेम बनवते. तिनं ती नोकरी धरली तेव्हा मधुभाऊ बोलून गेले, "खेळ बनवून कुणाचं पोट भरलंय?" झालं, बापलेकीचं बोलणं दोन वर्षं बंद. मागच्या वर्षी तिचा पहिला गेम आला. यांनी तो गुपचूप घरच्या जुन्या कम्प्युटरवर चालवायला घेतला. पंखा दोन मिनिटं किंचाळला आणि कम्प्युटर जो बंद पडला तो कायमचाच. मग मधुभाऊंनी सगळा मान गिळून फोन लावला, "केतू, तुझा खेळ चालायला कसला कम्प्युटर लागतो गं?"

तेव्हापासून दर रविवारी सकाळी फोन. एका रविवारी प्रोसेसर, दुसऱ्या रविवारी रॅम.

हा माणूस अभ्यास करतो म्हणजे करतोच. बोर्डीच्या खाऱ्या हवेत डबा टिकेल का, हे बघायला त्यांनी तीन दुकानांतल्या डब्यांचे स्क्रू दोऱ्याला बांधून पंधरा दिवस खिडकीत टांगले होते. ज्याच्या स्क्रूला गंज चढला तो डबा बाद. वापीच्या दुकानात चालू मशीनवर तळहात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "याला ताप आहे." दुकानदार घेऊनच जा म्हणून मागे लागला, "काका, लई जाव ने, बेस्ट छे." काकांनी मशीन फिरवून घेतलं आणि मागच्या जाळीत अडकलेला कापसासारखा धुळीचा पुंजका काढून त्याच्या हातावर ठेवला.

आमच्या शाळेतले कम्प्युटर मे महिन्यात धडाधड बंद पडायचे. मधुभाऊ आले, त्यांनी मागचं कपाट हातभर सरकवलं, रंगाच्या ब्रशनं धूळ झटकली आणि म्हणाले, "मास्तर, हवेला बाहेर पडायला वाट तरी ठेवा." त्यानंतर एकही बंद पडलेला नाही. मी त्यांना मानतो तो उगाच नाही.

फक्त एक गोष्ट मला छळत होती. बाकी सगळे पार्ट येऊन आठ महिने झाले तरी प्रोसेसर गार ठेवणारा कुलर ठरत नव्हता. पाण्याचा घ्यावा तर गळायची भीती. पंख्याचा मोठा घ्यावा तर डब्याचं झाकण लागत नाही. छोटा घ्यावा तर "माझी वाडीतली पडवीसुद्धा याहून गार असते." मी विचारलं, की ठरलेलं उत्तर यायचं, "कुलरचं ठरू दे."

परवा त्यांनी मला कपाटातून टॉर्च काढायला सांगितला. टॉर्चमागे कुलरचा खोका होता. उघडलेला, आत कुलर, बरोबर त्यांच्या डब्याच्या मापाचा. बिल मार्चचं.

मी खोका त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"मास्तर, हा बसवला की कम्प्युटर पुरा झाला."

"मग चांगलंच की!"

"मग रविवारी मी तिला विचारू काय? मला दुसरं काय बोलता येतं तिच्याशी?"

मी खोका जागेवर ठेवला, पण गप्प बसवेना. घरी येऊन केतकीला फोन लावला आणि सांगितलं, की बाई, कम्प्युटर पुरा झाला तरी बापाला फोन करत जा.

ती आधी हसली. मग म्हणाली, "काका, कुलर घरी आहे ते मला मार्चपासून माहितीये. त्यांचं ऑनलाइन ऑर्डर करायचं खातं मीच उघडून दिलंय ना, सगळे मेसेज माझ्याच फोनवर येतात."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मीच तर दर रविवारी त्यांना सांगते, बाबा, आणखी एक नवीन आलाय, तो बघून मग ठरवा." तिचा आवाज जरा ओला झाला. "दिवाळीत येतेय मी. कुलर आम्ही दोघं मिळून बसवणार, आणि माझा गेम ते पहिल्यांदा माझ्यासमोर खेळणार. तोवर त्यांच्या मागे लागू नका हं, काका."

दुसऱ्या दिवशी मधुभाऊ वाडीत भेटले. माझी नजर चुकवत होते. मी म्हटलं, "मधुभाऊ, घाई करू नका. अजून दोनचार कुलर बघून घ्या." एवढ्या वर्षांच्या मास्तरकीत, काम लांबवा असं मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

मधुभाऊंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग तिथल्या तिथे खांद्यावरचा टॉवेल पसरला आणि माझ्यासाठी झाडाखालचे चांगले चांगले चिकू निवडायला बसले.