रस्त्याकडच्या ओळी

हंबीररावांनी पलूसच्या आपल्या रानात अर्धा एकर सापेरावी लावली, तेव्हा बायको बनुबाईंनी एकच विचारलं, "खायला कशी हाय?" फौजेतून सुभेदार होऊन परतलेल्या हंबीररावांनी समजावलं, की ही खायची नव्हेत, वाइनची द्राक्षं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. पण गरसुद्धा लाल. मणी जेवढा बारीक, तेवढी वाइन गडद. वाइन कंपनीच्या दीपमाला मॅडम फाल्गुनात येऊन बघणार आणि माल पसंत पडला तर दहा वर्षांचा करार. सगळं गाव वेड्यात काढत होतं, त्यामुळं म्हाताऱ्याची अब्रू आता त्या अर्ध्या एकरावर टांगलेली होती.

मार्गशीर्षात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि ते महिनाभर कराडला लेकाकडे राहिले. इकडे बाग पडली रस्त्याला लागून. शेजारचे नाथाजी येता-जाता थांबत आणि विचारत, "वैनी, औंदा मिरी लावलीया व्हय?" तीस वर्षं बनुबाईंच्या हातचे घड बाजारात उठून दिसत आलेले. त्या माउलीनं हे सोसावं तरी किती? चौथ्या दिवशी त्यांनी बादलीत फुगवणीचं औषध कालवलं, प्लास्टिकचा मग भरला आणि रस्त्यावरून दिसणारा घड न् घड त्यात बुडवून काढला. नाथाजींचं विचारणं पंधरवड्यात बंद झालं.

हंबीरराव हिरवा चष्मा लावून परतले, रस्त्यावरूनच बाग बघून आले आणि ओसरीवर टेकले.

"डॉक्टरचा हात लय भारी गं. मणी केवढालं दिसाय लागल्यात."

बनुबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी पुढची मूठ सुपात ओढली. पुढे मणी जांभळाएवढे झाले, तरी हे आपले भेटेल त्याला कराडच्या डॉक्टरचा पत्ता देत राहिले.

फाल्गुनात दीपमाला मॅडम आल्या. पहिल्याच ओळीतला मणी त्यांनी तळहातावर चिरडला, तर फिकट पाणी निघालं. खायच्या द्राक्षासारखा माल फुगवलाय, हा आम्हाला चालत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. हंबीररावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. मणी तेवढाच होता. त्यांचा चेहरा उतरला, तशा बनुबाई पुढे झाल्या.

"मॅडम, वाईच कालव्याकडं चला," त्या म्हणाल्या.

कालव्याकडच्या सहा ओळींत करवंदाएवढे काळेशार मणी गच्च लगडले होते. मॅडमनी एक चिरडला आणि तळहात लालभडक झाला. नळीत थेंब टाकून साखर मोजली, एक मणी चाखला आणि पर्समधून कराराचा कागद काढला. पण त्यांना राहवेना. बाकी सगळी बाग फुगवली आणि एवढ्याच ओळी राखल्या, हा सल्ला कुणाचा, असं त्यांनी विचारलं.

बनुबाईंनी पदर सावरला.

"सल्ला कशाचा? हिकडनं रस्ता न्हाई. कोण बघतंय?"

हंबीररावांनी बायकोकडे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं. सही केली आणि पेन परत देत हळूच म्हणाले, "मॅडम, फुडच्या साली समदी कालव्याकडंच लावतो."