खुडूक कोंबडीच्या वेढ्याची हकीकत

॥ श्री चोचेश्वर समर्थ ॥ शके सोळाशे अमुक, अंडजनाम संवत्सर. ऐसे संवत्सर पंचांगी नाही, परंतु महाराजांची आज्ञा जाहली. ते वर्षीचे वर्तमान ऐसे जे, या राज्याने कधी कोणापुढे मान तुकविली नाही. फक्त सरकारी कुक्कुटशाळेचे दार कमरेइतके असल्याकारणे तेथे खासे महाराजही वाकून जात.

शाळेचा कारभार चिमणाजीपंत कुक्कुटनवीस यांजकडे. पंत विलायतेहून कोंबडीचे शास्त्र शिकोन आले, आणि मग पाचशे पांढऱ्या विलायती कोंबड्या आणविल्या, आणि गावठीचा बाट लागू नये म्हणोन राज्यातील यच्चयावत गावठी कोंबडे-कोंबड्या मेजवानीस लाविल्या, आणि शाळेत भाताच्या तुसाची गादी घातली, आणि कवच घट्ट व्हावे म्हणोन मक्याच्या भरड्यात शिंपल्यांचा चुरा कालविला, आणि लस टोचविली, तेसमयी कोंबड्यांहून कारकून अधिक ओरडले. नवख्या तलंगांस, म्हणजे पहिल्या अंड्यास आलेल्या कोंबड्यांस, अंडे कोठे घालावे हे उमजावे म्हणोन ग्रंथाप्रमाणे खोक्याखोक्यात नमुन्याचे एकेक अंडे स्वहस्ते मांडिले. पहाटे बांग होईना, सबब चौघडा लाविला. मग पंतांनी भर दरबारी विनंती केली की, "या जातीची कोंबडी वर्षास तीनशे अंडी देते आणि अंड्यावर बसत म्हणोन नाही. बसली तर ही पगडी उतरोन ठेवीन."

आठवे दिवशी एक बसली.

पिसे फुलवोन बसली, दाणा घेईना, उठेना, आणि हात घालील त्याचे बोट फोडी. पंतांनी ग्रंथ उलथापालथा केला, रोग सापडेना. मग शत्रूची फितुरी ठरली, आणि चाळीस स्वारांनिशी खोक्यास मोर्चे लागले, आणि तहाचा खलिता आत सारिला, तो तिणे फाडोन खाली अंथरिला. महाराजांची स्वारी परवा पाहणीस येणार, पगडी जाणार. तेव्हा तूस लोटणारी ठकूबाई केरसुणी टेकवून म्हणाली, "पंत, तिला काय झालं नाय. खुडूक बसलीया. एकवीस दिस हलायची नाय."

खुडूक हा शब्द ग्रंथी नव्हता, परंतु एकवीस दिवस होते, पिल्लू निघण्याच्या प्रकरणी. पंतांचे मुख उजळले. हुजुरास अर्ज केला की कोंबडी बसली नसून राज्याकरिता अनुष्ठान करीत आहे, एकविसावे दिवशी पुत्रलाभ. महाराज बहुत खूश जाहले, आणि मग पाळणा घडविला, आणि हत्तीवरोन साखर वाटिली, आणि जोशीबुवांनी आगाऊ पत्रिका मांडिली, तीत राजयोग निघाला, आणि महाराजांच्या भगिनी आक्कासाहेबांनी नवे लुगडे घेऊन आत्या होणे कबूल केले, आणि शेजारच्या राजाने अंगठ्याएवढी कुंची पाठविली. ठकूबाई तीन वेळा म्हणाली, "पंत, एक इचारू?" पंत तिन्ही वेळा म्हणाले की आता नको.

एकविसावे दिवशी सारा दरबार वाकोन आत गेला. दोन प्रहर जाहले, सांज जाहली, काही नाही. बाविसावा गेला. महाराजांनी पुसिले, उशीर का. पंत म्हणाले की थोरांचे येणे सावकाशच असते. चोविसावे दिवशी ठकूबाईने निमूट हात घातला, कोंबडी काखेत मारली, आणि खालचे अंडे चौकटीवर आपटिले. पांढरी भुकटी उडाली.

"खडूचं हाय," ती म्हणाली. "तुमीच मांडलं व्हतं."

पंतांनी पगडी उतरोन तुसावर ठेविली. तो कोंबडी काखेतून सुटली, पगडीस दोन प्रदक्षिणा घातल्या, आत चढली, पिसे फुलविली आणि बसली. महाराजांस गहिवर आला. आज्ञा जाहली की जोशीबुवा, आजपासोन नवे एकवीस मोजा, आणि पंत, या खेपेस खरे अंडे ठेवा. पंतांनी उघड्या डोकीने मुजरा केला.

ठकूबाईने पदर सावरिला. "आता तरी इचारू?"

आज्ञा जाहली.

"राज्यात कोंबडा हाय का?"

येणेप्रमाणे वेढा चोवीस दिवस चालिला, बोटे सात जायबंदी, पगडी एक कामास आली, पाळणा तयारच आहे. मग राज्यभर स्वार धाडोन शोध केला. कोंबडा नव्हता.