मिटलेली छत्री

"एकही फोन करणार नाही," तपासनिसाने संस्थेच्या फाटकाशी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. "आग लागली तरी."

"आग लागली तर कर," बायको म्हणाली आणि दोन्ही मुलांचे पापे घेऊन आत गेली.

मुलाखत दिवसभराची होती. नोकरी मिळाली तर सगळं बिऱ्हाड या अनोळखी शहरात हलणार होतं आणि तपासनीस औषधांच्या कारखान्यातली नोकरी सोडून घरी मुलं सांभाळणार होता. त्याला ते जमेल यावर त्याच्या सख्ख्या आईचाही विश्वास नव्हता. बायको काही बोलली नव्हती. पण तो कारखान्यात खोकल्याच्या औषधाच्या बाटलीकडे जसा बघायचा, तशी ती हल्ली त्याच्याकडे बघत होती. बाटली चांगली आहे असं सिद्ध होईपर्यंत ती सदोष, हा त्याच्या कामाचा नियम होता. आजचा दिवस ही त्याची स्वतःची तपासणी होती.

त्याने लगेच सुरक्षेचा पाठ घेतला. "अनोळखी माणसाने काही विचारलं तर?"

"गप्प बसायचं," सहा वर्षांची ताई म्हणाली.

"नाव विचारलं तर?"

"ओठ शिवायचे."

"शिवाचे," तीन वर्षांचा गोट्या तोंडातल्या बिस्किटासकट म्हणाला.

बसमध्ये बसल्यावर थांब्यावर मागे उभी असलेली बाई त्याच्या नजरेत भरली. साठीची, करडा कोट, हातात लांब काळी छत्री. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता, म्हणजे छत्री पावसासाठी नव्हती. थांब्यावर उन्हात उभी असतानाही तिने ती मिटलेलीच ठेवली होती, म्हणजे उन्हासाठीही नव्हती. मग कशासाठी? आणि बाई खिडकीबाहेर बघायचं सोडून मुलांकडे का बघत होती?

संशय आला म्हणजे चाचणी घ्यायची. बागेचा थांबा पुढे होता, तरी तो मुलांना काखोटीला मारून एक थांबा आधीच उतरला. दार बंद होता होता छत्रीवालीही उतरली.

"बाबा, बाग कुठाय?" ताईने विचारलं.

"पुढे आहे. आधी चपला बघू."

"मला चपला नकोत."

"घ्यायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या."

चपलांच्या दुकानात त्याने मुलांना मागच्या कपाटाआड उभं केलं आणि एका बुटाच्या आडून रस्त्यावर नजर ठेवली. छत्रीवाली काचेपाशी येऊन थांबली. चपलांकडे तिचं लक्षच नव्हतं. तपासनिसाने हळूच फोन काढून तिचा फोटो घेतला. पुरावा हवा. बागेत घसरगुंडीमागून दुसरा घेतला आणि कारंज्याआडून तिसरा. मुलं खेळायला लागली की तो त्यांना उचलून दुसरीकडे न्यायचा. गोट्याच्या वाट्याला घसरगुंडी आली ती फक्त वर चढण्यापुरती.

"ती आजी आपल्याशी लपाछपी खेळतेय," ताई खुशीत म्हणाली. "मी जीभ दाखवली तर तिनेपण दाखवली."

तपासनिसाने दोन्ही मुलांना जवळ ओढलं. मुलांशी संधान बांधायला सुरुवात झाली होती तर!

आता एकच सुरक्षित जागा उरली होती, बायकोची संस्था. तिथे तळमजल्यावर लहानसं विज्ञान संग्रहालय होतं, दाराशी पहारेकरी होता. दोन बस बदलून, एका बेकरीच्या पुढच्या दाराने शिरून मागच्या दाराने निघून, घामाघूम होऊन तो तिथे पोचला. मागे वळून बघितलं. फाटकातून छत्री आत येत होती.

मग त्याने शेवटचा उपाय केला. मुलांना जिन्याखाली नेलं आणि त्यांची जाकिटं अदलाबदल करायला घेतली, म्हणजे लांबून ओळखू येणार नाहीत. ताईने लाल जाकीट कसंबसं खांद्यावर अडकवलं. गोट्याने पिवळं बघून जो टाहो फोडला, तो वरच्या मजल्यापर्यंत गेला.

"नको! मला घरी जायचंय! मला आई पायजे!"

पहारेकरी धावत आला. जिन्याखाली एक घामाघूम माणूस रडणाऱ्या पोराला बळजबरीने मुलीचे कपडे घालत होता.

"काय चाललंय? कोणाची मुलं ही?"

"माझीच आहेत."

पहारेकरी ताईसमोर वाकला. "बाळ, हे तुझे कोण?"

ताईने ओठ घट्ट मिटले. कौतुकाच्या अपेक्षेने तिने बापाकडे बघितलं.

"अगं सांग की यांना!"

ताईने मान हलवली. तिला वाटलं, बाबा तिची परीक्षा घेतायत.

"आईचा नंबर द्या," पहारेकरी म्हणाला.

तपासनिसाच्या डोळ्यांपुढे वरच्या मजल्यावरची खोली आली. ऐन मुलाखतीत तिचा फोन वाजतोय, आणि नवऱ्याला जिन्याखाली पकडलंय. "नंबर... आत्ता नाही देता येणार."

"का?"

"ती कामात आहे."

"वा! आणि तुम्हीही कामातच होतात."

"थांबा, मुलांचे फोटो दाखवतो." त्याने घाईघाईने फोन उघडून पुढे केला. पडद्यावर एक करडा कोट होता. दुसऱ्या फोटोत घसरगुंडी आणि करडा कोट. तिसऱ्यात नुसती छत्री.

"हा तर माझा फोटो!" मागून आवाज आला. छत्रीवालीने फोन हिसकावून घेतला. "मला वाटलंच होतं. सकाळपासून बघतेय मी. मधेच उतरतो काय, दुकानात लपतो काय, मुलांना धड खेळू देत नाही. परीक्षांना पर्यवेक्षिका होते मी. कॉपी करणारा मागे वळून कसा बघतो, ते मला चांगलं कळतं."

बोलता बोलता ती फोटो मागे सारत गेली. एका फोटोपाशी तिचं बोट थांबलं. तपासनीस गाढ झोपला होता. त्याच्या कपाळावर खडूने सूर्य काढलेला होता, आणि पोटावर गोट्या पालथा पडून झोपला होता. असे आणखी बरेच निघाले.

"हं," ती म्हणाली. "बाप आहे. सोडा याला."

पहारेकऱ्याने आता तिच्याकडे मोर्चा वळवला. "तुम्ही कोण सांगणाऱ्या? दिवसभर दुसऱ्याच्या मुलांमागे का फिरताय?"

"मला संशय आला म्हणून."

"मलाही आलाय. तो फोटो काढतोय, तुम्ही पाठलाग करताय, मुलगी तोंड उघडत नाही. मी साहेबांनाच बोलावतो. ते वर मुलाखत घेतायत, पण इलाज नाही."

त्याने भिंतीवरचा फोन उचलला.

तेवढ्यात ताई पुढे झाली आणि तिने छत्रीवालीचा हात धरला. "ही आमची आजी आहे."

"ताई," तपासनीस कुजबुजला, "अनोळखी..."

"अनोळखी कुठाय? सकाळपासून आपल्याबरोबरच आहे ना!"

पहारेकऱ्याने तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "खरं का, आजीबाई?"

पर्यवेक्षिकेने जन्मात कधी नक्कल खपवून घेतली नव्हती. तिने वर फोनकडे बघितलं, ताईच्या हाताकडे बघितलं. "खरंय," ती म्हणाली. "हा माझा मुलगा. लहानपणापासून असाच आहे."

"मग मघाशीच सांगायचं की! घरातली भांडणं घरात ठेवावीत," म्हणत पहारेकऱ्याने फोन ठेवला, पण नजर हटवली नाही. त्यामुळे त्यांना एकाच बाकावर कुटुंबासारखं बसावं लागलं. छत्रीवालीने गोट्याचं नाक पुसलं. गोट्या तिच्या मांडीवर झोपून गेला. तपासनीस तिच्या पर्सकडे बघत होता आणि ती त्याच्या हातांकडे.

बायको खाली आली तशी ताईने आई म्हणून हाक मारली, आणि पहारेकऱ्याने बायकोला दारातच गाठलं. "अभिनंदन, बाई, साहेबांनी सांगितलं मला. आणि तुमच्या सासूबाई आल्यात. मुलाशी वाजलं होतं, पण मिटलंय."

बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. तिने बाकाकडे बघितलं आणि तो आणखी पांढरा पडला.

"ह्या कोण?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"आधी हस," तपासनीस म्हणाला. "तो बघतोय. मग सांगतो."

फाटकाबाहेर गेल्यावर त्याने सगळं सांगितलं. एकही फोन केला नाही, हे दोनदा सांगितलं. बायकोने झोपलेल्या गोट्याकडे बघितलं, त्याला खांद्यावर घेतलेल्या छत्रीवालीकडे बघितलं.

"नोकरी मिळाली," ती म्हणाली. "पण याला एकट्याला घरी ठेवायचं म्हणजे... तुम्ही इथेच जवळपास राहता का हो?"

"अगं," तपासनीस घाईने म्हणाला, "यांची काही चौकशी नाही, माहिती नाही..."

"राहते ना," छत्रीवाली त्याच्याकडे ढुंकूनही न बघता म्हणाली. "रोज येत जाईन. मुलं शहाणी आहेत, त्यांचं काही नाही. पण यांच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवंच."