सभेत राहून गेलेलं 'पण'

भाषणाच्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही! म्हणूनच पालिकेने आमच्या दारासमोरचा बसथांबा रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला हलवायचं काढलं, तेव्हा मी बायकोला म्हटलं, "तू निश्चिंत राहा. सभेत मी बोलतो!"

बायकोचं शिवणकामाचं दुकान त्या थांब्यावरच चालतं. बसमधून उतरलेली बाई आधी दुकानात डोकावते, मग घरी जाते. थांबा गेला की दुकानाला टाळं! बिचारीचा चेहरा एवढासा झाला होता.

"नागरिकांना तीनच मिनिटं देतात म्हणे," ती म्हणाली. "तेवढ्यात तुमचा घसा तरी साफ होतो का?"

मी सरावाला उभा राहिलो. तिने गॅसवर दूध ठेवलं. "हे वर येईपर्यंत आटपा!" दूध वर आलं, उतू गेलं, गॅस विझला, तरी मी प्रस्तावनेतच होतो. दूध जरा घाईच करतं!

माझा डाव मात्र पक्का होता. आधी पालिकेच्या योजनेचं तोंड भरून कौतुक करायचं. मंडळी गाफील झाली, की "पण" म्हणून असा तडाखा हाणायचा की सगळे गार!

सभेत मी माइक धरला. "नवी जागा प्रशस्त आहे! झाडाची सावली आहे! म्हाताऱ्यांना टेकायला ऐसपैस कट्टा आहे!" माना डोलू लागल्या. मला चेव चढला. एकट्या सावलीवरच मी असा काही रंगलो, की ऐकणाऱ्यांना डुलकी यावी! मग आवाज चढवून म्हणालो, "पण..."

टण्ण! कारकुनाने घंटा मारली आणि माइक बंद केला.

"अहो, पण ऐका!" मी ओरडलो.

"ऐकलं की!" अध्यक्ष गहिवरले. "ज्यांच्या दारातला थांबा जाणार, तेच पाठिंबा देताहेत! टाळ्या!"

टाळ्यांत माझं 'पण' वाहून गेलं. दुसऱ्या टोकाच्या औषधवाल्याने तर धावत येऊन मिठीच मारली. "काका, मन मोठं हो तुमचं!" मी "नाही, नाही" म्हणत होतो, तर लोकांना तो विनय वाटला! बायकोकडे बघायची माझी छाती होईना. तिचं दुकान मी माझ्याच तोंडाने बुडवलं होतं.

कारकुनाने पुढचं नाव पुकारलं आणि उठली कोण? बायकोच! तिने गुपचूप आपलंही नाव देऊन ठेवलं होतं. इतका माझ्यावर विश्वास!

"आत्ता बोलले ते माझे यजमान," ती म्हणाली. "त्यांचं 'पण' राहिलं. थांबा गेला तर माझं दुकान बंद पडेल. तो हलवू नका. झालं."

सभागृह हसलं. अध्यक्षांनी शेजारच्या सदस्यांशी कुजबुज केली. "थांबा आहे तिथेच राहील. कट्टाच तिथे बांधू!"

मी टुणकन उठलो. "साहेब, हिचा बराच वेळ उरला आहे, तो जर मला..."

"नको!" अख्खं सभागृह ओरडलं. सगळ्यात मोठा आवाज बायकोचा!

घरी आल्यावर मी म्हटलं, "तसं बघितलं तर वातावरणनिर्मिती माझ्यामुळेच झाली. ते कसं, सांगतो..."

"सांगा ना," तिने गॅसवर दूध ठेवलं. "हे वर येईपर्यंत."

मी घसा साफ करत भांड्यात डोकावलो. दूध जेमतेम कपभर होतं!