निजलेल्याची धास्ती

मे महिन्यात दुपारी आमच्या चाळीत झोपायची सोय नव्हती. जेवून जरा डोळा लागला की खिडकीच्या गजांवर काठी वाजायची. "ओ मास्तर, जागे हाय ना?" हे आमचे घरमालक, हसुरामकाका. आतून 'हो' आलं की काठी पुढच्या खिडकीवर.

सर्वांत हाल शेजारच्या सावंतचे. तो तळोज्याला रात्रपाळी करायचा. कंटाळून त्याने दारावर पाटी लावली : 'जिवंत आहे. उठवू नये.' काकांनी ती नीट वाचली आणि दार बडवलं. "सावंत, पाटी आजची का कालची?"

तेव्हा पनवेलमध्ये विमानतळाची नुसती चर्चा होती, पण जमिनींचे भाव चढले होते. चाळीमागचं आटलेलं तळंही कोणीतरी घेतलं आणि भर उन्हात तिथे जेसीबी लावला. पहिल्याच दिवशी ढेकळातून एक कासव निघालं. डोकं, पाय सगळं आत, पायांच्या जागी कातडीची झाकणं ओढून घेतलेली. ड्रायव्हर ते भिरकावणार, एवढ्यात काकांनी धोतराच्या सोग्यात घेतलं.

"मेलाय," ते म्हणाले.

"नाही काका, झोपलंय," मी म्हणालो. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. "पाणी आटलं की चिखलात शिरून अशी निजतात. बेडूकसुद्धा. पाणी आलं की उठतात."

"मंग आताच पानी वततो. उठवतो."

"नको. या उन्हात उठून खाईल काय?"

अर्धी कापलेली प्लॅस्टिकची टाकी जिन्याखाली ठेवून तिच्यात काकांनी त्याच तळ्यातली माती भरली आणि कासव पुरलं. मग शेजारी बसून राहिले.

"मास्तर, निजलेला कंचा नि मेलेला कंचा, वलखायचा कसा?"

माझ्या उत्तराची वाट न बघता ते पुढे बोलू लागले. "आमची ही उन्हातनं आली, म्हनाली जरा पडते. मी भांडं वाजू दिलं नाय, पोरांना वरडलो. तिनीसांजेला चा घेऊन गेलो, तं थंड."

त्यानंतर माझीच झोप उडाली. शाळेतून आलो की ते विचारायचे, "हाय ना?" मी छातीठोकपणे 'आहे' म्हणायचो, आणि पाठ वळली की मातीला कान लावायचो. काहीच ऐकू यायचं नाही. मातीत मेलेलंच असलं तर? या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

जूनमध्ये दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला. जिन्याखाली पाणी शिरलं, माती भिजली. सकाळी काकांची हाक आली. धावत गेलो. चिखलातून लांब नाकाचं एक डोकं वर आलं होतं आणि काकांकडे रोखून बघत होतं.

संध्याकाळी आम्ही दोघांनी ते गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यात सोडलं. मागे वळूनही न बघता ते गेलं. पाणी स्थिर झालं तरी काका हलेनात.

"मास्तर, आज आमच्याकडंच जेवा," शेवटी ते म्हणाले. "कालवन रोज दोघांचं होतं. हाताला सवय हाय."

आम्ही परत निघालो. काका पुढे चालत होते, नेहमीपेक्षा भराभर.