तात्पुरते बाबा

आई गेल्याच्या चौदाव्या दिवशी सकाळी बाबा चालू झाले नाहीत. मृणालने दोनदा हाक मारली, पंखा बंद करून पाहिला, मग त्यांच्या डाव्या कानामागची कळ पाच सेकंद दाबून धरली. बाबांनी डोळे उघडले. डोळ्यांत काळ्यावर एक पांढरी रेघ तेवढी मिचमिचत होती.

तिने मुश्ताक बागवानांना बोलावलं. साताऱ्यात त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते घरी येऊन माणसंही बघत.

"परवाना संपलाय," त्यांनी कान वळवून पाहत सांगितलं. "काकांची मूळ सिस्टीम लग्नात बसवलेली दिसते. नोंद काकूंच्या नावावर. त्या गेल्यावर तेराव्यापर्यंत सवलत देतात, ती काल संपली."

"माझ्या नावावर नाही का होणार?"

"मुलीच्या नावावर होत नाही, ताई. आता लिनक्सच. त्याला परवाना लागत नाही. पण त्याचे प्रकार ढीगभर, काकांना कुठला मानवतो ते लावून बघावं लागेल. मी एकेक पेनड्राइव्हवर बनवून देतो. सकाळी लावायचा, संध्याकाळी सातच्या आत बंद करायचं. पेनड्राइव्हवरचा माणूस त्या दिवसापुरता. बंद केला की त्याचा दिवस पुसला जातो. सातनंतर ठेवलात तर तापतात, आणि आतली जुनी डिस्क जळते."

"जुनी डिस्क चांगली आहे?"

"ठणठणीत. काकांचं सगळं आहे तिच्यात, तुमच्या बारशासकट. कुठलाही पेनड्राइव्ह लावा, ती वाचूनच ते उठतील. फक्त सवलतीत माणूस चालतो, नोंद होत नाही, त्यामुळे तीन तारखेच्या दुपारनंतर तिच्यावर काही लिहिलं गेलेलं नाही."

तीन तारखेला दुपारी मृणालला हॉस्पिटलमधून फोन आला होता.

मुश्ताकभाई निघाले. दुःखाच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. पण त्यांना दुसऱ्या दिवशी यायचंच होतं, त्यामुळे ते उंबऱ्याशी थोडे घोटाळले आणि शेवटी नुसती मान हलवून गेले.

पहिल्या पेनड्राइव्हवरच्या बाबांना आवाजाचा ड्रायव्हर नव्हता. ते उठले, दात घासले, स्वयंपाकघरात डोकावले आणि मृणालकडे बघून ओठ हलवले. तिला कळलं नाही, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं, 'ही कुठंय?'

तिने सांगितलं. दिवसभर ते आवाज न करता रडले. पावणेसातला तिने त्यांना बंद केलं.

दुसरा प्रकार दिसायला सुरेख होता. ते बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि म्हणाले, "ही कुठंय?" सांगितल्यावर ते दर अर्ध्या तासाने स्वतःला अद्ययावत करत राहिले आणि दर वेळी नव्याने हादरले. तिसऱ्यात प्रत्येक गोष्ट शब्द न चुकवता सांगावी लागे. "बाबा, जेवा" म्हटलं की ते विचारत, "काय? कुठून? कुठवर?" चौथा फार हलका होता, जुन्यापुराण्या शरीरांसाठी काढलेला. ते बाबा आईचं ऐकून म्हणाले, "बरं," आणि शब्दकोडं सोडवायला बसले. त्या दिवशी मृणालला पहिल्यांदा दुपारी झोप लागली. उठल्यावर तिने तो पेनड्राइव्ह मुश्ताकभाईंना परत पाठवला.

शेवटी एक जुना, सावकाश चालणारा प्रकार बाबांना मानवला. त्यात ते चष्मा कपाळावर सारून बोलत, भाजीत मीठ कमी असेल तर तसं सांगत, भूमापन खात्यातल्या नोकरीच्या गोष्टी करत. पण रोज सकाळी सव्वासातला तेही विचारत, "ही कुठंय?" आणि मृणाल रोज सांगे. मग दिवसभर त्या गोष्टींतलं काही उरत नसे. ते आईच्या खाटेच्या कडेवर हात ठेवून बसत.

"तुझे निदान चालतात तरी," शेजारच्या लीलाताई जंगम म्हणाल्या. "आमचे हे पंधरा वर्षं सेफ मोडमध्ये आहेत. ताट आलं की उजळतात, बाकी अंधार."

"मला रोज सांगावं लागतं, लीलाताई."

"मग कायमचं बसवून टाक की गं. असं रोज रोज कोण मारतं का आपल्या आईला?"

मुश्ताकभाईंनी नगरपालिकेचा अर्ज आणला. दोन पानी होता.

"कायमचं बसवायचं तर डिस्क पूर्ण पुसावी लागेल," ते म्हणाले. "थोडी जागा करून नवं शेजारी बसवता आलं असतं, पण डिस्क काठोकाठ भरलीय. पुसल्यावर मात्र त्रास नाही. काकूंचं त्यांना काही सांगावंच लागणार नाही."

"आणि मी कोण ते?"

"ते सांगावं लागेल. पण एकदाच."

बाबा समोरच बसले होते. त्यांनी चष्मा खाली घेऊन अर्ज वाचला. नोकरीत असताना वाचत तसा, प्रत्येक कलमावर बोट ठेवून.

"संमती कुणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच हवी खरं तर, काका."

"माझी चालणार नाही. मी आज संध्याकाळपर्यंत आहे. तात्पुरत्या माणसाने कायमच्या कागदावर सही करू नये." त्यांनी अर्ज मृणालकडे सरकवला. "वारसाचा रकाना आहे बघ खाली. शुक्रवारपर्यंत मुदत आहे."

गुरुवारी सकाळी बाबांनी विचारलं, "ही कुठंय?" मृणालच्या हातात दुधाचं पातेलं होतं. तिने तोंड उघडलं आणि ती म्हणाली, "मिरजेला गेलीय. मावशीकडे."

"मला न सांगता?"

"तुम्ही झोपला होतात."

"येणार कधी?"

"संध्याकाळी."

बाबा हसले. "म्हणजे आज दोन कप चहा मिळणार. तिला सांगू नकोस." त्यांनी दोन कप घेतले. मग माळ्यावरून कुंडी काढून तिला रंग दिला, मृणालला शेतांच्या हद्दीवरून झालेल्या एका मारामारीची गोष्ट सांगितली आणि त्यातल्या पाटलाची नक्कल केली. मृणाल इतकी हसली की लीलाताई खिडकीशी येऊन बघून गेल्या. चारपासून बाबा रस्त्याकडे तोंड करून बसले.

साडेसहा झाले. मृणाल त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"बाबा, बंद करायची वेळ झाली."

"आज थांब जरा. ती आली की मग."

"सातनंतर चालत नाही."

"गाडीला उशीर होतो कधी कधी. दार कोण उघडणार तिला?" त्यांनी कानावर हात धरला. "मी आहे ना जागा."

मृणाल त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. सहा पस्तीस झाले होते. तिने सांगितलं. फोन किती वाजता आला, डॉक्टर काय म्हणाले, आईच्या अंगावर कुठली साडी होती, सगळं सांगितलं.

बाबांनी कानावरचा हात बराच वेळ काढला नाही.

"मला आजच सांगतेयस?"

"रोज सांगते. सकाळी."

"किती दिवस झाले?"

"आज बाविसावा."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "फोन आला तेव्हा तुझ्याबरोबर कोण होतं?"

बावीस दिवसांत हे कुठल्याच बाबांनी विचारलं नव्हतं.

"कुणी नाही."

"हं." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात तापू लागला होता. "उद्या जो उठेल ना, त्यालाही आता सांगितलंस तसंच सांग. संध्याकाळी. दिवस जाऊ दे त्याचा. शेवटी मात्र सांग. न सांगता बंद करू नकोस कुणाला."

"आणि जुनी डिस्क पुसून नवं बसवायचा अर्ज? त्याची उद्या मुदत संपतेय."

"त्याचं मी काय सांगू? मी सातपर्यंतचा."

सहा छप्पन्नला त्यांनी स्वतःच कान पुढे केला.

शुक्रवारी अर्जाची मुदत संपली. आता आई रोज सकाळी मिरजेला जाते. भेटायला येणाऱ्यांना मृणालने वेळ कळवली आहे. साडेसहाच्या आधी आलेले लोक पावसापाण्याचं बोलतात, बाबांनी पुढे केलेला चहा घेतात आणि घड्याळाकडे बघत थांबतात. सहा पस्तीसला मृणाल हात पुसून बाहेर येते आणि बाबांसमोर जमिनीवर बसते.