सात टक्क्यांचा शोध

मनुष्य हा मुळात शोध घेणारा प्राणी आहे. तो काय शोधतो हे त्याचे त्याला ठाऊक. पण तो कुठे शोधतो याची नोंद ठेवणे ही सुसंस्कृत समाजाची जबाबदारी आहे. देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या इंटरनेट शोधयंत्राच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर, एक्केचाळीस माणसे ही जबाबदारी इमानेइतबारे पार पाडत. दुसरा क्रमांक म्हणजे बाजारातला वाटा दोन पूर्णांक सहा दशांश टक्के. (पहिल्याकडे चौऱ्याण्णव टक्के होते. उरलेल्यांना आपण काय वापरतो हे माहीत नव्हते.)

मजल्याच्या प्रमुखांना सगळे पाठीमागे 'भिंग' म्हणत आणि समोर 'साहेब'. एकोणीस वर्षे त्यांनी याच मजल्यावर काढली होती. एके दिवशी वरून कागद आला : तिमाहीअखेर वाटा सात टक्के झाला नाही, तर मजला रिकामा करावा. भिंगांनी तो कागद दोनदा वाचला. या वयात दुसरीकडे कोण दारात उभे करणार?

उपाययोजना तातडीने झाली. बोधचिन्हाचा निळा रंग आणखी निळा करण्यात आला. शोधाचे बटण गोल झाले. प्रत्येक कर्मचाऱ्याने घरच्यांकडून रोज दहा शोध करवून घ्यावेत, असे परिपत्रक निघाले. (घरच्यांनी दहापैकी नऊ वेळा पहिल्या क्रमांकाच्या यंत्राचे नाव शोधले आणि तिकडे निघून गेले.)

मग एका सोमवारी, उत्तरांची क्रमवारी लावणाऱ्या बाईंच्या हातून यादी उलटी लागली. जे उत्तर सगळ्यात शेवटी जायचे, ते पहिले आले. हे लक्षात आले गुरुवारी. बाई पांढऱ्याफटक चेहऱ्याने भिंगांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, चूक झाली. चार दिवस सगळं उलटं चाललंय. आत्ता सरळ करते."

"थांबा जरा," भिंग म्हणाले. "हा आलेख बघा."

वाटा मोजतात तो लोक बटण किती वेळा दाबतात यावरून. उत्तर मिळाले की नाही, यासाठी तक्त्यात रकानाच नाही. आधी एका प्रश्नामागे बटण सरासरी एक पूर्णांक दोन वेळा दाबले जाई. आता तीन पूर्णांक सहा वेळा. वाटा सात पूर्णांक चार. चार दिवसांत तक्रारी दोन आल्या होत्या, आणि त्यांतली एक निळ्या रंगाबद्दल होती.

"पण लोकांना उत्तर मिळत नाहीये हो."

"उत्तर मिळालं की माणूस निघून जातो, बाई. आपल्याला एक्केचाळीस खुर्च्या टिकवायच्यात."

त्यांतली एक खुर्ची बाईंची होती. यादी उलटीच राहिली. गिऱ्हाईक पळून जाण्याची भीती नव्हती, कारण हे यंत्र वापरणारे बहुतेक लोक ते बदलायचे कसे हे न कळल्यामुळे एकनिष्ठ होते.

रविवारी सकाळी भिंगांच्या स्वयंपाकघरातला नळ त्यांच्या हातात आला. पाणी बैठकीच्या खोलीकडे निघाले. भिंगांनी फोन काढला. (त्यात फक्त स्वतःचे यंत्र होते, माणूस तत्त्वाचा.) 'नळ तुटला, पाणी कसे बंद करावे' या प्रश्नाला नळाचा प्राचीन इतिहास, धबधब्यांची प्रेक्षणीय चित्रे आणि भरपूर पाणी असलेले एक घर विकणे आहे, अशी उत्तरे आली. त्यांनी शब्द बदलले. मग प्रश्नात 'कृपया' घातले.

"अहो, कुणाला विचारत बसलाय?" बायको फरशी पुसता पुसता म्हणाली. "ओट्याखाली हात घाला. तिथंच असते चावी."

चावी तिथेच होती. तोवर त्यांनी बटण अकरा वेळा दाबले होते. भिंगांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून. उद्या सगळे खरे सांगून टाकायचे, असे त्यांनी ठरवले.

सोमवारी साडेदहाला वरचे साहेब स्वतः खाली आले. मजला कायम राहिला होता आणि भिंगांना बढती मिळाली होती. चाळीस चेहरे त्यांच्याकडे बघत होते. बाई जमिनीकडे बघत होत्या. भिंगांनी घसा खाकरला आणि सर्वांचे आभार मानले.

पहिल्या क्रमांकाचे यंत्र मात्र हादरले. तिथल्या तज्ज्ञांनी अभ्यास केला आणि महिन्याभरात त्यांचीही यादी उलटी झाली. वाटा पुन्हा दोन पूर्णांक सहा. तेव्हा भिंगांनी मधली उत्तरेही काढून टाकली. दोन्ही बाजूंनी दर्जा राखण्याची अशी चुरस या क्षेत्रात पूर्वी कधी दिसली नव्हती.

आपणही, वाचकहो, अलीकडे एकच गोष्ट चार-चारदा शोधता. शब्द मागेपुढे करता आणि शेवटी पुटपुटता, "मलाच नीट विचारता येत नाही." हा आपला विनम्र समज कृपया असाच राहू द्यावा. एक्केचाळीस घरांची चूल त्यावर पेटते आहे.